एक ठोका

“आज जेवताना बोला,” वाढायला आलेली आई म्हणाली. “पाहुणा आहे. तुम्ही दोघे मुखस्तंभासारखे बसलात, तर बिचारा अर्धपोटी उठेल.”

पाटांवर आम्ही तिघे होतो: मी, माझा धाकटा भाऊ नरहरी, आणि त्याच दुपारी पुण्याहून येऊन उतरलेला त्याचा कॉलेजातला मित्र यशवंत घारपुरे. नरहरीने मांडीवर हलकेच थाप मारली.

“ऐकलंत ना, भाऊ? आमटीत मीठ कमी आहे हे जन्मात पहिल्यांदा वेळेवर सांगता येणार मला.”

“कमी आहे?” आईने विचारले.

“नाही. पण असतं तर सांगता आलं असतं.”

यशवंत हसला. “म्हणजे एरवी तुम्ही बोलतच नाही?”

“आमच्या वडिलांचा नियम,” मी म्हणालो. “आपोशन घेतल्यापासून उठेपर्यंत मौन. ते गेले, नियम राहिला.”

“आणि काही हवं असलं तर?”

“आई चेहरा पाहून ओळखते,” नरहरी म्हणाला. “माझा चेहरा देवानं त्यासाठीच इतका सोपा ठेवलाय.”

तो थट्टा करीत होता. खरी रीत निराळी होती. उजवा हात खरकटा असे, म्हणून डाव्या हाताच्या पेराने पाटावर ठोका द्यायचा. एक ठोका म्हणजे पाणी, दोन म्हणजे भात, तीन म्हणजे पुरे. ठोका देऊन थांबायचे. आई स्वयंपाकघरातून पंगतीपर्यंत येईल एवढा अवकाश द्यायचा. तिला ऐकू गेले नसेल, तर मगच दुसऱ्यांदा. घाई करणे हा वडिलांच्या दृष्टीने अन्नाचा अपमान होता. आमच्या घराखेरीज ही खूण कुणाला ठाऊक नव्हती, आणि त्या दिवशी आईनेच मौन सोडायला लावल्यामुळे यशवंतालाही ती दिसली नाही.

या नियमात नरहरी माझ्याहून कठोर होता. सात-आठ वर्षांचा असताना जेवताना त्याला विंचू चावला होता. त्याचे ओठ पांढरे पडले, डोळ्यांतून धारा लागल्या. पण त्याने पाटावर तीन ठोके दिले, उत्तरापोशन घेतले, अंगणात जाऊन चूळ भरली, आणि मग त्याने जो टाहो फोडला तो चार घरांपलीकडे ऐकू गेला. वडिलांनी त्याला कडेवर घेतले होते, हे मला आठवते. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती आणि अभिमानही होता.

जेवणे झाल्यावर यशवंताने ओटीवर आपली यंत्रे मांडली. तो पक्ष्यांचे आणि अरण्यांचे आवाज मुद्रित करून त्यांचा संग्रह करीत असे. आमच्या खारवलीच्या समोर समुद्रात एक लहानसे बेट आहे. माणसांची वस्ती नाही, गोडे पाणी नाही, नुसता काळा कातळ आणि त्यावर थोडे गवत. त्याच्या पश्चिमेला एक गुहा आहे आणि तिच्यात हजारो पाकोळ्यांची घरटी आहेत. लोक त्याला पाकोळबेटच म्हणतात. नरहरी लहानपणापासून तिथे जाऊन बसत असे. त्यानेच यशवंताला बोलावून घेतले होते.

“भाऊ, तुम्हाला ही गोष्ट आवडेल,” यशवंत मला म्हणाला. “गुहेच्या आत मिट्ट काळोख असतो. तिथे ही पाखरं डोळ्यांनी पाहत नाहीत. टक् टक् असा आवाज करत उडतात. तो आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि त्यावरून त्यांना वाट कळते.”

जिथे कोणतेही तेज पोहोचत नाही तिथे शब्दच दीप होतो, हा विचार मी विद्यार्थिदशेत गुरूंच्या पायाशी बसून ऐकला होता आणि वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना सांगत आलो होतो. चार पैशांएवढ्या वजनाची पाखरे तो जगत असतील, हे माझ्या स्वप्नातही आले नव्हते.

“उद्या तुम्हीही चला,” नरहरी म्हणाला. “मी आत मायक्रोफोन धरून बसेन. बाहेर यशवंताजवळ बसून तुम्ही हेडफोन लावा. तुमच्या कानांनी ऐकलंत, तर मला ऐकल्यासारखं होईल.”

“एक अट आहे,” यशवंत म्हणाला. “रीळ फिरत असेपर्यंत माणसाचा आवाज नको. खोकलासुद्धा नको. एका शब्दाने पाखरं उठतात, आणि मग सगळी मेहनत पाण्यात.”

“आमच्या घरात जन्मलेल्याला तू मौन शिकवतोस?” नरहरी म्हणाला. दाराच्या चौकटीत उभी असलेली आई हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोमा तांडेलाच्या होडीतून आम्ही निघालो. अष्टमी होती. अष्टमीच्या सुमारास भरती फारशी चढत नाही. कोळी लोक त्याला भांग म्हणतात, आणि गुहेत शिरायला तोच काळ निर्धास्त समजला जातो. दिवस नरहरीने पंचांग पाहून ठरवला होता, सोमाने त्याला होकार दिला होता. आकाश स्वच्छ होते. पुढे जे घडले त्याचा दोष कुणावर ठेवता येईल अशी जागा मी पुष्कळ शोधली. ती मला सापडली नाही.

गुहेचे तोंड बुटके होते, वाकून शिरावे लागे. आत मात्र छत उंच चढत गेले होते आणि जमीनही मागे चढत जाऊन एका कट्ट्यापाशी संपत होती. नरहरी मायक्रोफोन घेऊन आत गेला. त्याची वायर तोंडातून बाहेर काढून यशवंताने वर, गुहेच्या माथ्यावरच्या सपाट कातळावर नेली. वायर घासल्याचा आवाज येऊ नये म्हणून जागोजाग तिच्यावर दगड ठेवले. तो माथ्यावर बसला. तिथून खालचे तोंड दिसत नव्हते. दिसायचे कारणही नव्हते. त्याचे काम कानांचे होते.

आत जाताना नरहरी वळून मला म्हणाला, “भाऊ, नीट ऐका हं. नंतर विचारणार आहे.”

“परीक्षा घेणार माझी?”

“आयुष्यभर तुम्ही माझी घेतलीत.”

मी यशवंताकडे चढून जात होतो, एवढ्यात खालून सोमाने हाक न मारता हाताने खूण केली. बोलायचे नाही हे त्यालाही बजावले होते. मी खाली उतरलो. तो माझ्या कानाशी पुटपुटला, “गुरुजी, होडी हय ठेवून चलाची नाय. लाट फुगत चलली हा. पलीकडच्या अंगाक नेवक व्हयी. माका एकट्याक जमाचा नाय. एक वल्हा तुमी धरा.”

वारा नव्हता, ढग नव्हता. तरी कुठून तरी फार दुरून आल्यासारखी पाण्याला संथ फुगवटी येत होती. गुहेच्या तोंडाशी पाणी अजून घोट्याइतकेही चढले नव्हते, पण होडी कातळावर आपटली असती, तर आम्ही चौघेही बेटावर अडकलो असतो. मी यशवंताकडे पाहिले. त्याने डोळे मिटून घेतले होते, रीळ फिरू लागले होते. मी होडीत चढलो. बेटाला वळसा घालून पलीकडच्या निवाऱ्याच्या अंगाला जाईपर्यंत आमचा दम गेला. तिथे होडी बांधून आम्ही कातळ ओलांडत परत आलो, तेव्हा यशवंत हेडफोन गळ्यात घेऊन वायर गुंडाळीत होता. त्याचा चेहरा उजळला होता.

“काय मिळालंय, भाऊ,” तो म्हणाला. “काय मिळालंय. नरू आला की सांगतो.”

त्याने वायर ओढली. ती आली नाही. सोमा कडेला गेला, त्याने खाली वाकून पाहिले, आणि अंगातला सदरा काढून तो पाण्यात उतरला. गुहेचे तोंड बुजले होते. जिथून आपला माणूस वाकून आत गेला, तिथे आता हिरवे पाणी वर-खाली होत होते. सोमाने तीनदा बुडी मारली, तीनदा लाटेने त्याला कातळावर परत आणून टाकले. आम्ही माथ्यावरून हाका मारल्या. मौन तेव्हा सुटले. गुहेतून फक्त पाण्याचा घुमारा येत होता.

ओहोटी लागल्यावर तो सापडला. आतल्या कट्ट्यावर, भिंतीला टेकून. कपाळावर खोल जखम होती. उजवी मूठ इतकी घट्ट मिटलेली होती, की सोमाला ती दोन्ही हातांनी उघडावी लागली. आत एक काळा गुळगुळीत गोटा होता. सोमाने तो समुद्रात टाकला आणि मूठ पुन्हा मिटून दिली.

घरी आणल्यावर आईने एकच विचारले, “किती वेळ होता तो असा?”

सोमा अंगणात उकिडवा बसला होता. “काकी, एकाच लाटेन आपटल्यान तेका. कपाळार लागला, तेवाच झाला. तेका कळला पण नसतला.”

आईने मान हलवली. त्यानंतर तिला पुष्कळांनी पुष्कळ काही सांगितले, पण ती उभी राहिली ती या एका वाक्यावर. सोमा मासळी घेऊन रस्त्याने जाताना दिसला, की ती पायरीवर येई. “सोमा, खरंच कळलं नसेल ना रे त्याला?” आणि तो प्रत्येक वेळी डोक्यावरची टोपली खाली ठेवून, पहिल्यांदाच सांगत असल्यासारखा सांगे, “नाय काकी. एकच लाट.” मग ती आत जाऊन चूल पेटवी.

महिनाभराने यशवंत आला. तो निम्मा झाला होता. बरोबर ध्वनिमुद्रणाचे यंत्र होते. त्याने आईच्या पायांवर डोके ठेवले, ते बराच वेळ उचलले नाही.

“मी तोंड दाखवायच्या लायकीचा नाही,” तो म्हणाला.

“असं बोलू नये,” आई म्हणाली. “लाट तू आणलीस का?”

मग त्याने सांगितले. त्या दिवशीच्या फितीवर, शेवटच्या भागात, एक विलक्षण आवाज आहे. पाकोळ्यांच्या नेहमीच्या टकटकीसारखाच, पण एकेकटा, जड आणि फार संथ. त्याने जाणकारांना विचारले. असा आवाज कुणी ऐकलेला नाही. हा शोध नरहरीचा. तो नरहरीच्या नावाने जगापुढे ठेवायचा, असे त्याने ठरवले होते. पण आधी तो आईच्या कानांवर घालायचा होता.

“फितीची नक्कल मी अजून केलेली नाही,” तो म्हणाला. “आधी तुम्ही ऐका.”

“यशवंता, नको,” मी म्हणालो. “तिला समुद्राचा आवाज अजून सोसत नाही.”

“लाव,” आई म्हणाली. “माझ्या मुलाने शेवटचं जे ऐकलं, ते मला ऐकू दे.”

ती भिंतीला टेकून बसली. मी तिच्याजवळ बसलो. यशवंताने कळ दाबली आणि आमच्या ओटीवर ती गुहा उघडली.

प्रथम नुसता काळोख ऐकू आला. याहून नेमके शब्द मला सुचत नाहीत. मग त्या काळोखात पंख. असंख्य बारीक पंख, आणि त्यांच्यामधून कोरडी, जलद टकटक, जणू कुणी मूठभर कवड्या सतत हलवीत आहे. मध्येच कुठे थेंब पडे. खाली, फार खाली, पाण्याचा श्वास होता. आईने डोळे मिटले. तिचा चेहरा सैल होत गेला. हे ऐकत तो बसला होता, असे तिच्या मनात आले असावे. माझ्या मनात तरी आले. मरण इतक्या जवळ असताना त्याच्या कानांत एवढे सौंदर्य होते, याबद्दल मी मनोमन ईश्वराचे आभार मानीत होतो.

पाण्याचा श्वास मोठा झाला.

“आता ऐका,” यशवंत कुजबुजला.

टक्.

एकच. दगडावर दगड. मग काही नाही. पंख आणि पाणी. मी वाट पाहू लागलो, आणि कशाची वाट पाहतो आहे हे मला कळण्याआधीच माझ्या शरीराला कळले. स्वयंपाकघरातून पंगतीपर्यंत यायला आईला लागे, तेवढाच तो अवकाश होता.

टक्.

पाकोळी असे थांबत नाही. हातात भांडे घेऊन कुणी येत असेल, त्याला येऊ द्यावे, अशी अदब पाखराला नसते. मी बाहेर हेडफोन लावून बसलो आहे, असे नरहरी समजत होता. रीळ संपलेले नव्हते, म्हणून तो बोलत नव्हता. त्याने मला आमच्या घरातल्या रीतीने कळवले होते, भाऊ, पाणी. आणि मी त्या वेळी बेटाच्या पलीकडे वल्हे मारीत होतो, आणि माझ्या जागी बसलेला माणूस डोळे मिटून त्या आवाजाने पुलकित झाला होता.

टक्.

मी यंत्राकडे हात नेला. आईने माझे मनगट धरले. तिच्या हाताला तेवढी ताकद असेल, असे मला वाटले नव्हते. तिचे डोळे उघडे होते. ती माझ्याकडे पाहत नव्हती, यंत्राकडेही नाही. आयुष्यभर तिने तो ठोका पाठमोरी उभी राहून ऐकला होता, आणि आता तिला कुठे पाहावे हे समजत नव्हते.

पुढच्या ठोक्याला ती उठली. आत गेली. पितळी तांब्याभांडे भरून घेऊन आली आणि वाकून तिने ते त्या यंत्रापुढे ठेवले.

यशवंत अवघडला. “अहो काकू, आत्ता कशाला,” तो म्हणाला. पण समोर ठेवलेले पाणी परत कसे करायचे? त्याने भांड्यात ओतून घेतले आणि ओठांना लावले. फितीवर ठोके पडतच होते. प्रत्येक वेळी एकच. प्रत्येक वेळी तेवढेच थांबून. शेवटपर्यंत त्याने घाई केली नाही. दोन नाहीत, तीन नाहीत. पुरे, असे तो कधीच म्हणाला नाही.

यशवंताने भांडे अर्धवट खाली ठेवले. त्याचे लक्ष आईच्या चेहऱ्याकडे गेले. “काकू, काय झालं?”

मी तोंड उघडले. आईने माझ्याकडे पाहिले, आणि मी ते मिटले.

“काही नाही,” ती त्याला म्हणाली. “पी, बाळ. सगळं पी.”

तो प्यायला. रीळ संपले आणि फितीचे सुटे टोक चाकावर फटफट करीत फिरू लागले. नरहरी या क्षणाची वाट पाहत असणार. रीळ किती वेळ चालते हे त्याला ठाऊक होते. तेव्हा त्याने तोंड उघडले असेल, विंचू चावला त्या दिवशी अंगणात उघडले तसे. पण तेव्हा वर यशवंताने हेडफोन काढून ठेवले होते.

“ही फीत मला देशील?” आईने विचारले.

यशवंत गोंधळला. “काकू, याची नक्कल करून मी मूळ फीत तुम्हालाच…”

“नक्कल नको. कुणाला ऐकवूही नको. मला तेवढी दे.”

तो फार वेळ यंत्राकडे पाहत बसला. त्याच्या आयुष्यातला सर्वांत मोठा आवाज त्या चाकावर होता. मग त्याने रीळ काढले, डबीत घातले आणि दोन्ही हातांनी तिच्या ओंजळीत ठेवले. का, हे त्याने विचारले नाही. पुत्रशोकाला हट्ट करण्याचा अधिकार असतो, एवढेच त्याला वाटले असावे.

पुढे कैक वर्षे, समुद्र शांत झाला की तो येत असे. पाकोळबेटावर जाई, गुहेच्या तोंडाशी मायक्रोफोन लावी, आणि संध्याकाळी आमच्या पायरीवर येऊन बसे. “तो आवाज पुन्हा मिळाला नाही,” असे म्हणे. आई त्याला पाणी देई आणि त्याचे पिऊन होईपर्यंत समोर उभी राही. आम्ही दोघांनी त्याला कधी काही सांगितले नाही, एकमेकांजवळही त्याविषयी बोललो नाही. आई गेली. गेल्या थंडीत यशवंतही गेला, म्हणून आज हे बोलता येते.

पण हे सगळे नंतरचे. त्या दिवशी यशवंताला वाटेला लावून मी परत आलो, तेव्हा दिवेलागण झाली होती. रस्त्याने सोमा चालला होता. पायरीवर कुणी नाही असे पाहून तो थबकला, क्षणभर वाट पाहून पुढे गेला. आईने त्याला यानंतर कधी काही विचारले नाही.

तिने पान वाढले. मी पाटावर बसलो, चित्राहुती घातल्या, आपोशन घेतले आणि खाली मान घालून जेवू लागलो. पाणी हवे होते. सवयीने माझा डावा हात पाटाकडे गेला आणि अधांतरी थांबला.

आई दारात उभी होती.

“बोल,” ती म्हणाली.

यशवंत पहिल्यांदा आला तो एक दिवस सोडला, तर वडील गेल्यानंतरही इतकी वर्षे न मोडलेला तो नियम होता. मी वर पाहिले. “काय बोलू?”

“काहीही बोल. या घरात आता कुणी गप्प जेवायचं नाही.” तिच्या हातात तांब्या होता. “पाणी हवं असेल तर तोंडाने पाणी म्हण.”

मी म्हणालो, “आई, पाणी.”